बॉयलरवरची फळी

डोंबिवली एमआयडीसी
१२ जानेवारी

विनीत,

जयभीम. आधी 'सप्रेम' लिहिलेलं, ते खोडलंय. दिसत असेलच. नवीन कागद घेतला नाही, मुद्दाम.

फोन तू ब्लॉक केलायस. मेलला उत्तर नाही. शेवटी तुझ्या सासूबाईंना, दीप्तीच्या आईला, नौपाड्यात भाजी घेताना गाठलं, त्यांच्या पिशव्या उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन दिल्या, तेव्हा कुठे तुमचा तिरुपूरचा पत्ता मिळाला. पन्नाशीच्या बाईने सख्ख्या भावाचा पत्ता असा मिळवायचा! पत्र ब्लॉक करता येत नाही म्हणून पत्र. फाडीन म्हणतोस? आधी वाचशील, मग फाडशील. ओळखते मी तुला.

कामाचं सांगते. अण्णांची बुरशी, शीळ-सात, उगवत नाहीये.

तू ऑक्टोबरात निघून गेलास. गरम खोलीतल्या चालू नळ्यांवर आमचं डिसेंबरपर्यंत बरं भागलं. मग त्या थकल्या. कोंड्याच्या ट्रेवर चार दिवसांत करडा-काळा थर धरायचा, तिथे नुसती पांढरी मरतुकडी जाळी. म्हणून मूळ नळ्या बाहेर काढल्या, सहाच्या सहा. हेमांगीने पन्नास अंशांवर लावल्या. चार दिवस, आठ दिवस, बारा दिवस. ढिम्म! मी त्या पोरीला इतकं झापलं की ती दोन दिवस कामावर आली नाही. मग मी स्वतः लावल्या. तरी ढिम्म.

वीस मार्चला पेपर मिलची ट्रायल आहे, ती तुला माहितीय, तारीख तूच घेतलेलीस. त्यांचा लगदा सत्तर अंशांवर असतो, बाजारातलं एन्झाइम त्यात अर्ध्या तासात मान टाकतं. आपल्या बुरशीचं टिकतं, म्हणून तर त्यांना लगदा पांढरा करायला क्लोरीन कमी लागणार आणि म्हणून तर ते आपल्या दारात आले. ट्रायल चुकली की ते दुसऱ्याकडे जाणार आणि अण्णांच्या माघारी आपण चालवलेल्या शेडला कुलूप. आत अकरा माणसं आहेत.

तर सरळ विचारते. खरी नळी कुठेय? जाताना काय काय नेलंस? मी सगळं जसं ठेवायला हवं तसंच ठेवलेलं. ठाण्यात चौदा वर्षं हॉस्पिटलची लॅब सांभाळलीय मी. कल्चर कसं ठेवतात हे निदान मला तरी शिकवायला येऊ नकोस.

बाकी, डिसेंबरात मी रागाच्या भरात दोन शब्द बोलले असेन. त्याचा इश्यू करू नकोस. आणि हो, गेटवर आता सगळ्यांच्या पिशव्या, डबे तपासतो, येताना आणि जाताना. सहदेवकाकांचाही. अण्णांचे दोस्त असतील, वीस वर्षं बॉयलर सांभाळत असतील, पण नियम म्हणजे नियम.

नळी कुरिअरने पाठव. विषय संपव.

वैशाली

ठाणे
२७ जानेवारी

विनीत,

जयभीम.

पंधरा दिवस झाले. पोस्टमनचं तोंड बघून बघून मला कंटाळा आला.

तू देत नाहीस ना, मग म्हटलं आपण आपलं नवीन काढू. अण्णांनी जिथून काढली तिथूनच. गेल्याच्या गेल्या रविवारी खोपटवरून बस धरून शीळफाट्याला गेले. अण्णा किती वेळा सांगायचे ती गोष्ट: सकाळच्या पाळीला कंपनीत निघालेले, तबेल्यामागच्या शेण-पेंढ्याच्या ढिगातून वाफा निघताना दिसल्या, हात घातला तर चटका बसला. आणि हा माणूस घाबरायच्या ऐवजी म्हणतो, एवढ्या गरमीत आत जे कोणी जिवंत असेल ते आपल्या कामाचं! डब्यातली चपाती त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्याला घातली आणि रिकाम्या डब्यात शेण भरून घरी आले. आई आठ दिवस बोलली नव्हती. सातव्या नळीत जी उगवली तिचं नाव शीळ-सात.

तबेला नाहीये आता. गोडाऊन आहे. पत्र्याचं, निळं, शंभर दुचाक्या बाहेर उभ्या. मी तिथल्या माणसाला विचारलं, इथे म्हशी होत्या ना? तो म्हणाला, मॅडम, पार्सल नंबर बोला. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये उभी राहून धूळ खाल्ली आणि परत आले. दुसऱ्या एका तबेल्यातून शेण आणलं, तेही रिक्षातून. रिक्षावाला पूर्ण रस्ता नाक धरून एका हाताने चालवत होता. त्या शेणातून काय काय उगवलं म्हणून सांगू! हिरवं, पिवळं, गुलाबीसुद्धा. पंचेचाळीसवर छान वाढतं. त्यांचं एन्झाइम काढून सत्तरला नेलं की दहा मिनिटांत खलास. अण्णांना ही एक सापडायला तीन वर्षं लागलेली. माझ्याकडे सात आठवडे आहेत.

कोणी तरी तुला कळवलं असेलच, तू मनात म्हणत असशील, ताईने माझी बॉयलरवरची फळी आवरली, आता भोग. हो, आवरली. कबूल. कधी बघितलीस ती तू डोळे उघडून? काजळी, कोळ्यांची जाळी, मेण ओघळलेल्या बाटल्या, एकावर धड लेबल नाही. ऑडिटवाल्याने सगळ्यांसमोर बोट फिरवून मला काळं बोट दाखवलं. त्या दिवशी मी तुला बोलले तर माझं काय चुकलं? सर्टिफिकेट पाहिजे, पण शिस्त नको. अण्णांचं बघून बघून तूही तसाच झालास.

जरा कचरा काढला म्हणून एवढं?

वैशाली

डोंबिवली
११ फेब्रुवारी

विनीत,

पोस्टकार्ड मिळालं.

काय ते पोस्टकार्ड! ना जयभीम, ना ताई, खाली सही नाही. मधोमध तीन शब्द: फ्रीजमध्ये ठेवलंस का?

हो, ठेवलं! फ्रीजमध्येच ठेवलं! मग काय डोक्यावर ठेवू? जगातलं प्रत्येक कल्चर फ्रीजमध्ये ठेवतात. हॉस्पिटलात आम्ही चार अंशांवर ठेवायचो, वर्षानुवर्षं ठेवायचो, काढलं की उगवायचं. वहीत तापमान लिहायचो, सकाळ-संध्याकाळ. इथेही लिहितेय. दाखवू वही? एक दिवस चुकला नाही. तू गेल्यावर या शेडमध्ये पहिल्यांदा काही तरी धड नोंदलं जातंय.

आणि तू मला तीन शब्दांत नापास करणार. एवढंच जर होतं तर तोंड होतं ना तुला? फ्रीज घेतला तेव्हा तू इथेच होतास. मी विचारलेलं, नळ्या यात ठेवू का. तू म्हणालास, तुला जे करायचं ते कर. भांडणाच्या भरात बोललास, असेल! मी भविष्य बघते का, तुझ्या मनात काय आहे ते कळायला?

हेमांगीला पोस्टकार्ड दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, मॅडम, मी नेटवर वाचलेलं, गरमीतल्या काही बुरश्या थंडीत मरतात, पण तुम्ही तेव्हा रागात होता. आता हिला काय म्हणू? सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि मला कोणी सांगत नाही.

ठेवते. डोकं दुखतंय.

वैशाली

ठाणे
१८ फेब्रुवारी

विनीत,

जयभीम.

हे पत्र आज तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन कागदांवर पुन्हा तुझ्याच चुका निघाल्या, म्हणून टाकून दिले.

अण्णांची वही सापडली. लाल पुठ्ठ्याची. ती तू नेलीस असं मी सगळ्यांना सांगितलेलं. माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होती, ऑडिटच्या फाइलींखाली. मीच ठेवलेली.

वाचते तर त्यात स्वच्छ लिहिलंय, त्यांच्या त्या उभ्या अक्षरात. "नळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या. तीन आठवड्यांनी काढल्या. निम्म्या मेल्या. उरलेल्या दोन महिन्यांनी काढल्या. सर्व मेल्या. ही गरम जागेतली आहे, थंडी सोसत नाही. दर महिन्याला कोंड्यावर वाढवून, वाळवून, बाटलीत मेणाने बंद करून बॉयलरवरच्या फळीवर ठेवणे. फ्रीज नाही." 'नाही'खाली दोन रेघा. त्याच्याखाली: विनीतला सांगणे. पुढे बरोबरची खूण. मग: वैशालीला सांगणे. पुढे काही नाही.

अण्णांवर पण इतकी चिडले मी! सांगायचं ना! मी काय लांब होते? ठाण्यात होते, दर रविवारी डबा घेऊन येत होते. तेव्हा मी हॉस्पिटलात होते, शेडमध्ये येईन असं त्यांना वाटलं नसेल, हे कळतं मला. तरी सांगायचं ना.

वही मिटून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी घासत बसले, घासलेलीच. रडले. लिहितेय आता स्पष्टच.

तुला 'कचरा काढला' असं लिहिलं ते अर्धं खरं आहे. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढले. फळीवर बारा बाटल्या होत्या. तू वर्षभर दर महिन्याला एक ठेवत आलेलास, अण्णांसारखीच. मी एकही उघडून बघितली नाही. सहदेवकाका खाली गोणी धरून उभे होते. ते म्हणाले, ताई, या राहू द्या, विनूबाळाच्या आहेत. मी म्हटलं, काका, विनीत गेला, आता इथे असलं चालणार नाही. आणि एकेक बाटली त्यांच्या गोणीत टाकली. गोणी कचऱ्याच्या ट्रकमध्ये गेली. मग फळीला पांढरा रंग मारून घेतला. तुझ्यावरचा राग होता तो. ऑडिटचं निमित्त होतं.

आणि डिसेंबरात 'दोन शब्द' बोलले नव्हते. एकच शब्द बोलले. नळ्या उगवल्या नाहीत त्या दिवशी चहाच्या वेळी, अकरा माणसं चहा पीत असताना, मी मोठ्याने म्हटलं की माझा भाऊ चोर आहे, अण्णांची बुरशी चोरून घेऊन गेला. मग दीप्तीला फोन करून तेच सांगितलं. तिने फोन तुझ्या हातात दिला असणार, कारण पलीकडे कोणी तरी श्वास घेत होतं आणि काही बोललं नाही. तो तूच होतास ना?

तू रिकाम्या हाताने गेलेलास. साधी स्वतःची छत्रीसुद्धा विसरलास. ती अजून खुंटीला आहे.

बुरशी मी मारली, विनीत. आता नवीन सापडणार नाही. ट्रायलला बत्तीस... नाही, तीस दिवस राहिलेत. मिलला अजून कळवलेलं नाही, हिंमत होत नाही. पण त्याआधी एक काम आहे.

ताई

डोंबिवली
२६ फेब्रुवारी

विनू,

जयभीम.

सोमवारी चहाच्या वेळी सगळ्यांना थांबवलं. तीच जागा, तीच अकरा माणसं, वॉचमन विठ्ठलसुद्धा कप घेऊन उभा. मी ठरवून गेलेले की शांतपणे चार वाक्यं बोलायची. कसलं काय! तोंड उघडल्यावर आवाज असा चढला की मी त्यांनाच ओरडतेय असं त्यांना वाटलं. म्हटलं, ऐका सगळे! विनीतने काही चोरलं नाही! अण्णांच्या बाटल्या मी टाकल्या, नळ्या मी फ्रीजमध्ये ठेवून मारल्या, आणि चोर त्याला म्हटलं! चूक माझी आहे! कळलं का सगळ्यांना?

हेमांगी रडायला लागली. विठ्ठल म्हणाला, कळलं मॅडम. मी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेटवरून विठ्ठलचा फोन. दबक्या आवाजात. "मॅडम, लवकर या. सहदेवकाकांच्या पिशवीत बाटली सापडली."

मी चपला न घालता धावले. काका गेटवर मान खाली घालून उभे. पिशवीत डबा, आणि डब्याच्या बाजूला रंभाकाकूच्या जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. विनू, मेणाचं बूच, आत वाळलेला कोंडा, आणि बाहेर चिकटवलेल्या कागदावर अण्णांचं उभं अक्षर. ती त्यांची शेवटची. तुझ्या बारा सोडून ती तेरावी होती, मागे कोपऱ्यात, मी मोजलीसुद्धा नव्हती.

काका म्हणाले, "ताई, त्या दिवशी गोणीतून काढून घेतली. जगनच्या, तुमच्या अण्णांच्या हातची होती, टाकवेना. घरी नेली. रंभा पोळी-भाजी केंद्राच्या भाकऱ्या करते ना, तिच्या शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवली. तिथे गरम राहतं. जगन सांगायचा, गरम राहू दे."

मी म्हटलं, काका, डिसेंबरपासून मी वेड्यासारखी शोधतेय. शीळफाट्याला शेण उकरून आले! एका शब्दाने बोलला असतात तर!

विनू, त्यांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "कसं बोलू? विनूबाळ हात हलवत गेला, त्याला तुम्ही चोर ठरवलंत. मी तर खरोखर नेलेली होती! आणायची म्हटलं तर गेटवर डबे उघडतायत. दोन महिने रंभा रोज विचारते, आज नेता का? रोज मी म्हणतो, उद्या. काल तुम्ही बोललात तेव्हा घरी जाऊन तिला म्हटलं, दे आता."

म्हणजे बघ. डबे तपासायचा नियम मी कशासाठी केला? चोरी थांबावी म्हणून. आणि त्या नियमाने जिवंत बाटली काकांच्या कल्याणच्या चाळीत दोन महिने अडकून राहिली. माझ्या डोक्याची कमाल आहे.

मी काकांच्या पाया पडले, गेटवरच. ते बिचारे मागे सरकले, म्हणाले, हे काय करता, आपल्यात असं करतात का, जयभीम घाला. मग जयभीम घातला. नियम रद्द केला. विठ्ठल म्हणाला, मग मी काय तपासू? मी म्हटलं, कोणाला तहान लागली का ते तपास.

बाटली उघडायला हात धजेना. अण्णांना जाऊन सव्वा वर्ष झालं, म्हणजे आतला कोंडा निदान तेवढा जुना. सहदेवकाका आत आले, हात धुतले, मेण त्यांनीच तापवून काढलं. हेमांगीने चार चिमटी कोंडा चार नळ्यांत घातला. पन्नास अंश. उरलेला कोंडा पुन्हा बंद करून बॉयलरवरच्या फळीवर. ती पांढरीशुभ्र फळी बघून काका म्हणाले, रंग छान आहे, होईल काळी.

रोज चार वेळा दार उघडून बघते. हेमांगी म्हणते मॅडम, दार उघडलं की खोली गार होते. आता ती मला झापते.

ताई

डोंबिवली
६ मार्च

विनू,

सप्रेम जयभीम.

उगवली.

चारपैकी एका नळीत. तिसऱ्या दिवशी दुपारी, अगदी काठाला, नखाएवढी. हेमांगीने हाक मारली तेव्हा मी मिलला नकाराचं पत्र लिहीत होते, 'महोदय'पर्यंत आलेले. मी भिंग घेऊन बघितलं, मग काकांना दिलं, मग अकराही जण एकामागे एक आत येऊन बघून गेले. विठ्ठल म्हणाला, एवढंसंच? काका त्याला म्हणाले, गप रे.

चार दिवसांपूर्वी ट्रे भरले. आज सकाळी कोंड्यावर करडा-काळा थर आहे, हात लावला तर चटका बसेल इतका गरम. रस काढून सत्तरला ठेवला. एक तास झाला तरी काम करतंय. वीस तारखेची ट्रायल होईल. पुढे मिलचं काय ते मिल बघेल.

नवीन बाटल्या सहदेवकाकांनी केल्या. मी फक्त मेण ओतलं, तेही सांडलं. पहिली आपल्या फळीवर. दुसरी रंभाकाकूच्या शेगडीवरच्या फळीवर, ती म्हणाली, मला आता हिच्याशिवाय करमत नाही. तिसरी या पत्रासोबत तुला, तुझ्या छत्रीत गुंडाळून. अण्णांनी लाल वहीत 'वैशालीला सांगणे' लिहिलेलं, त्यापुढे मी काल बरोबरची खूण केली. तेव्हा आता मलाही माहितीय.

परत ये म्हणायला मला तोंड नाही. तिथे नवीन काही सुरू करणार असशील तर हिच्यावर कर, अर्धी तुझीच आहे. मी कोणालाही चोर म्हणणार नाही. आणि एकदा तरी फोन उचल रे गाढवा, नाहीतर ब्लॉक तरी काढ, मी बोलणार नाही, नुसती ऐकेन.

बाटली मिळाली की गरम जागी ठेव. हे मी तुला सांगायचं म्हणजे हद्द झाली, पण सांगते: फ्रीजमध्ये ठेवू नकोस.

तुझी ताई